गाडीवान, गाडीमालक आणि दंड

बेलापूर हें नांव आगगाडीच्या वेळापत्रकांत वाचून जो प्रवासी दौंड-मनमाड लोहमार्गानें येतो, तो प्रथम फसतो. पाटीवर बेलापूर असतें आणि तो उतरतो श्रीरामपुरांत. ज्या प्रवरातीरींच्या जुन्या गांवाचें नांव स्टेशनास मिळालें, तें गांव कांहीं मैल दूर राहिलें आहे. १८७८ सालीं हा लोहमार्ग सुरू झाला. पुढें स्टेशनाभोंवतीं बाजारपेठ वाढली, तिला श्रीरामपूर हें नांव पडलें, तेथें तालुक्याचें ठाणें झालें, आणि मूळ बेलापूर त्याच तालुक्यांतील एक गांव होऊन बसलें. (मुंबईजवळच्या खाडीकांठचें बेलापूर तें निराळें, त्या नांवसारखेपणानेंही पुष्कळांची फसगत झालेली आहे.) स्टेशन आणि गांव यांच्यामधला हा तुकडा ओलांडावयास गाडी लागते. गाडी आली कीं गाडीवान आला, गाडीमालक आला, गाडींत बसणारा आला, आणि त्याच रस्त्यानें पायीं चालणाराही आला. या चौघांचा कायद्याच्या दृष्टीनें परस्परांशीं काय संबंध आहे, आणि चौथा पहिल्याच्या चाकाखालीं मेला असतां उरलेल्या तिघांपैकीं कोणास काय भोगावें लागतें, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

विषय वर्तमानपत्री आहे, मासिकास शोभणारा नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु एकट्या २०२२ सालीं या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं १५,२२४ एकट्या महाराष्ट्रांत मेलीं. शिवाय हा प्रश्न मोटारीबरोबर विलायतेहून आला अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती साफ चुकीची आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व अर्थशास्त्रकारांनीं तो चांगला खोलांत जाऊन सोडविण्याचा यत्न केलेला आहे. आणि त्यांच्या उत्तरांत कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, आजच्या कायदेपंडितांस त्या पुन्हा एकदां नव्यानें शिकाव्या लागल्या.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, दंडपारुष्याच्या प्रकरणांत, गाडीच्या अपघाताविषयीं नऊ श्लोक आहेत. स्मृतिकार प्रथम क्षमेचे प्रसंग सांगतो. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी आडवी गेली किंवा मागें हटली, आंस मोडला, चाक मोडलें, वाद्या, दोर वा लगाम तुटला, किंवा गाडीवानानें ‘बाजूस व्हा’ असें ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. या दहांपैकीं नऊ प्रसंग गाडीच्या वा जनावराच्या दोषाचे आहेत आणि दहावा माणसाच्या सावधगिरीचा आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मात्र गाडीवानाच्या अंगच्या अकुशलतेमुळें गाडी रस्ता सोडून गेली व हिंसा झाली, तर दंड गाडीवानास नव्हे, मालकास. आणि तो दोनशें पण. गाडीवान कुशल असून त्यानें हयगय केली तर दंड गाडीवानास. आणि गाडीवान अकुशल आहे हें दिसत असूनही जे गाडींत बसले, त्या प्रत्येकास शंभर शंभर पण! रस्त्यांत गुरें किंवा दुसरी गाडी आडवी आली म्हणून गर्दींत कोणी प्राणी मारला गेला, तर ती सबब ऐकावयाची नाहीं. मनुष्य मेला तर गाडीवानाचें पाप चोराच्या पापाइतकें. कुल्लूकानें याचा अर्थ उत्तमसाहस, म्हणजे हजार पणांचा दंड, असा लाविला आहे. गाय, हत्ती, उंट, घोडा यांस त्याच्या निम्मा. आणि उतरत उतरत कुत्र्या-डुकरासाठीं एक माष.

दर ठरविण्याची ही यादी वाचून आधुनिक वाचकास हसूं येईल. पण तिच्याआधींचें वर्गीकरण हसण्यासारखें खचित नाहीं. कुशल गाडीवान आणि अकुशल गाडीवान हा भेद करून, पहिल्याच्या चुकीची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या माथीं आणि दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी त्यास नेमणाराच्या माथीं मारणें, यांत मोठें व्यवहारज्ञान आहे. ज्यास हांकतां येत नाहीं त्याच्या हातीं कासरा देणारा हा खरा अपराधी, असा त्याचा भावार्थ.

कौटिल्य याही पुढें जातो. (अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरांत शामशास्त्री यांस सांपडली आणि १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली, त्यापूर्वीं हा सगळा ठेवा आपणांस परकाच होता.) चौथ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत त्यानेंही वेसण तुटणें, जूं मोडणें वगैरे क्षम्य प्रसंग मोजले आहेत, परंतु मनूशीं एका बाबतींत त्याचा स्पष्ट विरोध आहे. गाड्या, गुरें व माणसें यांच्या दाटींत हिंसा घडली तर कौटिल्य दंड माफ करतो. मनु नेमका तेथेंच दंड सांगतो. वर्दळीच्या रस्त्यावर सावधगिरी अधिक पाहिजे कीं सवलत अधिक पाहिजे, हा वाद त्या दोघांनीं जेथें सोडला तेथेंच आजही आहे. पण कौटिल्याचें खरें वैशिष्ट्य पुढल्या सूत्रांत आहे. हांकणारा अज्ञान, म्हणजे वयांत न आलेला, असेल तर गाडींत बसलेल्या मालकास दंड करावा. मालक गाडींत नसेल तर जो बसला असेल त्यास, किंवा हांकणारा वयांत आलेला असेल तर त्यास. आणि ज्या गाडीवर अज्ञान मूल बसलें आहे किंवा कोणीच नाहीं, ती गाडी राजानें जप्त करावी. या सूत्राकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

प्राचीनांचें गुणगान करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. हे सर्व पण राजाच्या कोशांत जावयाचे. जखमी झालेल्यास औषधोपचाराचा खर्च द्यावा असें मनूनेंच त्या प्रकरणांत सांगितलें आहे. पण गाडीखालीं जो जागच्या जागीं मेला त्याच्या बायकामुलांचें काय, याविषयीं ते नऊ श्लोक गप्प आहेत. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे प्रचंड खंड लिहिले, त्यांतील व्यवहारावरचा खंड चाळतांना हें मौन सारखें जाणवतें. राजदंडाची कल्पना आमच्याकडे फार पूर्वीं पक्व झाली. नुकसानभरपाईची कल्पना मृताच्या बाबतींत तितकी झाली नाहीं.

लोककथेनें मात्र ही उणीव आपल्या परीनें भरून काढली. तमिळ देशांत मनुनीति चोळ राजाची कथा घरोघर सांगतात. तिरुवारूर येथें राजपुत्राच्या रथाखालीं एक वांसरूं सांपडून मेलें. गाईनें राजवाड्याची घंटा वाजविली. आणि राजानें आपल्या मुलास त्याच रथाखालीं घालण्याची आज्ञा केली. तें तिरुवारूर तंजावरजवळच आहे. व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या राज्यांत गेलेल्या मराठी घराण्यांच्या कानांवर ही कथा पिढ्यान् पिढ्या पडली असेल. कायदा म्हणून ती निरुपयोगी आहे, कारण असा राजा हजार वर्षांत एखादाच. परंतु लोकांच्या मनांत कोणती शंका घर करून असते, हें ती दाखविते. रथ थोरामोठ्याच्या मुलाचा असला तर घंटा ऐकली जाईल काय, ही ती शंका.

इंग्लंडांत याच प्रश्नानें वेगळेंच वळण घेतलें होतें. तेथें जुना असा दंडक होता कीं, ज्या वस्तूनें मनुष्याचा मृत्यु घडला ती वस्तु, म्हणजे गाडी, चाक, बैल, किंवा तिची किंमत, राजाकडे ‘देवार्पण’ म्हणून जमा व्हावी. दोष चालकाचा नव्हे, जणूं चाकाचाच! आगगाड्या आल्या तेव्हां या भाबड्या दंडकास अकस्मात् दांत फुटले. १८४१ सालच्या डिसेंबरांत सॉनिंग येथें आगगाडीचा अपघात होऊन कित्येक मजूर मेले, तेव्हां पंचांनीं इंजिनावर व डब्यांवर हजार पौंडांची किंमत बसविली. कंपन्या घाबरल्या. १८४६ सालीं पार्लमेंटानें हा दंडक काढून टाकला आणि त्याच सालीं लॉर्ड कॅम्बेल यांचा कायदा करून मृताच्या कुटुंबास भरपाईचा दावा करण्याचा हक्क दिला. एका हातानें काढून घेतलें तें दुसऱ्या हातानें दिलें. त्याच कायद्याची छाया म्हणजे हिंदुस्थानांतला १८५५ चा तेरावा कायदा. पति, पत्नी, आईबाप व अपत्य यांना त्यानें दावा लावण्याची मुभा दिली. भावाचें नांव त्यांत नव्हतें. ज्या देशांत वडील भावाच्या मिळकतीवर चार घरें जगतात, तेथें हा कायदा विलायती मापानें कापलेल्या अंगरख्यासारखा तोकडा पडला. मोटारीच्या अपघातांत भावासही भरपाई मागतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें निःसंदिग्धपणें सांगण्यास १९८७ साल उजाडावें लागलें.

फौजदारी बाजूची कथा अधिक चमत्कारिक आहे. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं दंडसंहितेचा जो मसुदा तयार केला, त्यांत अविचारानें किंवा हयगयीनें मृत्यु घडविल्याबद्दल स्वतंत्र कलम होतें. तेवीस वर्षांनीं, १८६० सालीं, संहिता मंजूर झाली तेव्हां तें कलम गळालेलें होतें. भरधाव गाडी हांकल्याबद्दल २७९ वें कलम राहिलें. त्याची शिक्षा फार तर सहा महिने. म्हणजे गाडीखालीं माणूस मेला काय आणि वांचला काय, खुनाच्या पायरीपर्यंत प्रकरण पोंचत नसेल तर संहितेजवळ नेमका शब्दच नव्हता. ही चूक १८७० सालीं ध्यानांत आली व ३०४ अ हें कलम मागाहून चिकटविण्यांत आलें. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुराणांतल्या क्षेपकाप्रमाणें मागून घातलेलें हें कलम पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ या देशांतल्या प्रत्येक रस्त्यावर राज्य करीत राहिलें. तें लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडागाडी आणि बैलगाडी होती. मोटार जन्माला यावयाची होती.

या कलमांतील दोन शब्दांचा अर्थ १८८१ सालीं अलाहाबादेच्या न्यायमूर्ति स्ट्रेट यांनीं लावून दिला. धोका आहे हें ठाऊक असूनही ‘कांहीं होणार नाहीं’ अशा भरंवशावर पुढें जाणें हा अविचार. आणि जी काळजी घेणें आपलें कर्तव्य होतें ती न घेतल्यामुळें धोका लक्षांतच न येणें ही हयगय. गंमत अशी कीं, ज्या खटल्यांत ही व्याख्या झाली तो गाडीचा नव्हताच. नवऱ्यानें मारल्यामुळें बायको मेल्याचा तो खटला होता. पुढें १९०२ सालीं आमच्या मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति सर लॉरेन्स जेन्किन्स यांनीं दुसरी मेख मारली. आरोपीचें कृत्य हें मृत्यूचें साक्षात् व समर्थ कारण असलें पाहिजे; मध्यें दुसऱ्या कोणाची हयगय आलेली नसावी; ‘तें नसतें तर हें घडलें नसतें’ एवढ्यानें भागत नाहीं.

ही जेन्किन्ससाहेबांची कसोटी तर्कदृष्ट्या निर्दोष आहे, आणि निरपराध गाडीवानांस तिनें पुष्कळदां वांचविलें असेल यांत शंका नाहीं. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, मृत्यूपासून एक पाऊल दूर उभा असलेला मनुष्य कलमाच्या जाळ्यांतून सहज निसटूं लागला. आणि मालक हा बहुधा एक पाऊल दूरच उभा असतो. मुंबईंतील रंगाच्या एका कारखान्यास आग लागून सात कामगार मेले. ज्या खोलींत ज्वालाग्राही द्रव्यें सांठविलीं होतीं, तेथेंच मालकानें शेगड्या पेटवून रंग कढविण्याची व्यवस्था केली होती. सर्वोच्च न्यायालयानें जेन्किन्स यांचीच कसोटी लावून ठरविलें कीं, आगीचें साक्षात् कारण कामगाराच्या हातून टर्पेंटाइन घाईनें ओतलें जाणें हें होतें; म्हणून मालकावर ३०४ अ बसत नाहीं. अग्नीविषयीं हयगय केल्याची लहान शिक्षा तेवढी कायम राहिली. मनूनें जो दंड मालकाच्या माथीं मारला होता, तो अशा रीतीनें हळूहळू खालीं घसरत कासरा धरणाऱ्याच्या हातांत येऊन पडला.

मोटारीचें पहिलें पाऊल इंग्लंडांत १८९६ सालीं रक्तांत पडलें. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं मेली. चालकानें आपण घंटा वाजविली होती असें सांगितलें, आणि निकाल ‘अपघाती मृत्यु’ असा झाला. मनूच्या दहाव्या अपवादाची एवढी हुबेहूब पुनरावृत्ति क्वचितच सांपडेल. हिंदुस्थानांत १९१४ सालीं मोटारींचा पहिला सार्वदेशिक कायदा झाला, १९३९ सालीं दुसरा. या दुसऱ्या कायद्यांत त्रयस्थाच्या हानीसाठीं विमा सक्तीचा करणारें प्रकरण होतें. तें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीनें पाहिलें तर ३०४ अ पेक्षां हीच तारीख अधिक महत्त्वाची आहे. तोंपर्यंत हुकूमनामा मिळे, पण कंगाल चालकाकडून पैसा वसूल होत नसे. १९५६ च्या दुरुस्तीनें खास न्यायाधिकरणांची सोय झाली आणि दिवाणी दाव्याच्या जड स्टँपांतून विधवा सुटली. १९८२ सालीं तर कोणाचा दोष हें सिद्ध न करतांही मृत्यूसाठीं पंधरा हजार रुपये देण्याचें तत्त्व कायद्यांत आलें. रक्कम क्षुल्लक होती; तत्त्व क्षुल्लक नव्हतें.

आमच्या जिल्ह्याचा या इतिहासांत एक मानाचा उल्लेख आहे. १ जून १९४८ रोजीं सरकारी परिवहनाची पहिली बस अहमदनगरहून पुण्यास गेली. (या जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे.) खासगी मोटारवाल्यांच्या अंदाधुंदीनंतर एस.टी.चा चालक हा लोकांस पहिल्यानें ‘आप्त’ गाडीवान वाटला. मनूनें कुशल व विश्वासू गाडीवानास हाच शब्द वापरला आहे. त्यास चूक झाल्यास फौजदारी खटला आहेच, शिवाय खात्याची चौकशी आहे, आणि भरपाई देण्यास सरकार पाठीशीं आहे. मालक आणि गाडीवान या दोघांनाही एकदम धरणारी अशी व्यवस्था रस्त्यावर दुसरी नाहीं.

परवाना नसलेल्या चालकाविषयीं मात्र कायद्याचें मत मनूच्या अगदीं उलट गेलें. १९६७ सालीं महाराष्ट्रांतील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत निकालीं निघालें. शिकाऊ परवान्यावर, शेजारीं शिकविणारा नसतांना, एकानें जीप हांकली. वाटेंत माणूस जखमी झाला. त्यास औषधोपचारासाठीं जीपमध्यें घालून नेत असतां तो मेला. न्यायालयानें म्हटलें कीं, पुरा परवाना नसणें हा वेगळा गुन्हा आहे. परवाना नसतांही एखादा उत्तम गाडी चालवूं शकतो. तेव्हां प्रत्यक्ष हयगयीचा पुरावा नसेल तर ३०४ अ लागू नाहीं. न्यायशास्त्राच्या दृष्टीनें हें बिनतोड आहे. परंतु अकुशलतेलाच दोष मानणारी स्मृति आणि अकुशलतेचा निराळा पुरावा मागणारी संहिता, या दोहोंमध्यें रस्त्यानें चालणाऱ्याच्या बाजूची कोणती, हें सांगण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाहीं.

शिक्षेच्या प्रमाणाविषयीं आमचे न्यायाधीशही एकमतानें बोललेले नाहींत. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७९ सालीं एका ट्रकचालकाच्या खटल्यांत शिक्षा कायम करतांना खेद व्यक्त केला कीं, मृताच्या आश्रितांच्या दुःखाकडे आमच्या कायद्याची नजर जात नाहीं. पुढील न्यायालयांनीं, दोन वर्षांची मर्यादा अपुरी आहे, असें वारंवार सुचविलें. परंतु कायदा बदलला नाहीं, म्हणून अभियोक्ते वरच्या कलमाकडे वळले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहांटे मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोंपलेल्या मजुरांवरून एक मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता. सत्र न्यायालयानें ३०४ अ खालीं सहा महिन्यांची साधी कैद दिली. सात जीव आणि सहा महिने! लोकांत क्षोभ झाला. उच्च न्यायालयानें हें सदोष मनुष्यवधाच्या ३०४ कलमाच्या दुसऱ्या भागांत बसतें असें ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. आणि जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम करतांना, शिक्षा कमीच आहे, पण ती वाढवावी म्हणून सरकारनें अपील केलेलें नाहीं, असेंही नोंदविलें. दारू पिऊन गाडी हांकणाऱ्यास परिणामाची जाणीव असते, हें तत्त्व या निकालानें महाराष्ट्रांत रुजलें. या खटल्यांत मेलेले लोक रस्ता बांधणारे मजूर होते, हें विसरतां येत नाहीं. आपण बांधलेल्या रस्त्याच्या कडेस ते झोंपले होते.

आतां कौटिल्याच्या सूत्राकडे परत येऊं. १९ मे २०२४ च्या रात्रीं पुण्यांत कल्याणीनगर भागांत सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भारी मोटारीनें दुचाकीस ठोकरलें आणि दोन तरुण अभियंते मेले. बाल न्याय मंडळानें त्यास कांहीं तासांत जामीन दिला, आणि जामिनाच्या अटींत रस्त्याच्या अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट घातली. निबंधलेखन हा एक शिक्षेचा प्रकार आहे, हें आम्हां निबंध लिहिणाऱ्यांस तोंपर्यंत केवळ वाचकांच्या बाजूनें ठाऊक होतें. लोकांत गहजब झाला. जामिनाचा हुकूम बदलला. मुलाच्या पित्यास अटक झाली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसही अटक झाली. महिनाभरानें मुंबईच्या उच्च न्यायालयानें मुलास निरीक्षणगृहांतून सोडलें, आणि त्यास प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी २०२५ च्या जुलईंत मंडळानें फेटाळली. या सगळ्या गदारोळांत थोड्यांच्याच ध्यानांत आलें कीं, २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार कायद्यांत १९९ अ हें जें कलम घातलें आहे, तें बव्हंशीं कौटिल्याचेंच आहे. अज्ञान मुलानें मोटार हांकून गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड, आणि त्या गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. राजानें गाडी हरण करावी, हेंच तें. तेवीस शतकें म्हणा, वीस म्हणा (पंडितांत कालाविषयीं वाद आहे), एवढ्या अवधीनंतर कायद्यास मालक पुन्हा दिसूं लागला.

त्याच वर्षीं १ जुलैला जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमांत हयगयीच्या मृत्यूची शिक्षा दोनाची पांच वर्षें झाली. दुसऱ्या पोटकलमांत, मृत्यु घडवून पोलिसांस अगर दंडाधिकाऱ्यास न कळवितां पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. २०२४ च्या जानेवारीच्या आरंभींच देशभर ट्रकचालकांनीं गाड्या उभ्या केल्या; पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या; आणि सरकारनें तें पोटकलम लागू करण्याचें लांबणीवर टाकलें. संहिता अमलांत आली ती तें वगळूनच. चालकांच्या म्हणण्यास केवळ दांडगाई म्हणून उडवून देणें बरोबर होणार नाहीं. अपघात झाला कीं जमाव जमतो, आणि दोष कोणाचा हें न पाहतां मोठ्या गाडीच्या चालकास मारतो. कित्येक चालक अशा मारानें मेले आहेत. थांबलों तर जमाव आणि पळालों तर दहा वर्षें, असा त्यांचा प्रश्न होता. मोटार कायद्याचें १३४ वें कलम जखमीस डॉक्टरांकडे नेण्याचें कर्तव्य चालकावर घालतें, पण जमावाच्या क्षोभामुळें तें शक्य नसेल तर, असा अपवादही तेथेंच लिहून ठेवतें. कायद्याच्या भाषेंत जमावाची एवढी उघड कबुली दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि आतां पुन्हा बेलापूर. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. कालव्यांचें पाणी आलें. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर-कारखाना निघाला, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरास विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी कारखान्याचा पाया पडला. तेव्हांपासून दिवाळी झाली कीं या भागांतले रस्ते उंसाचे होतात. पाथर्डी, शेवगांव आणि बीडकडचीं तोडणी करणारीं कुटुंबें येतात. बैलगाड्या, आणि ट्रॅक्टरमागें एकास एक जोडलेल्या दोन दोन ट्रॉल्या, रात्रंदिवस कारखान्याकडे चालतात. ऊंस ट्रॉलीच्या कडांबाहेर हातभर लोंबत असतो, त्यानें मागचा दिवा झांकलेला असतो, आणि पुष्कळदां दिवाच नसतो. पूर्वीं बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील हालत असे. तो निदान दुरून दिसे.

अशी ट्रॉली चाक बसल्यामुळें रात्रीं रस्त्याच्या कडेस उभी राहते. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर सोडून पुढें निघून जातो. आणि कामावरून परतणारा दुचाकीवाला पाठीमागून तिच्यावर जाऊन आदळतो. आतां येथें ‘चालक’ कोण, आणि ‘चालविणें’ कोणतें? उभ्या ट्रॉलीस अविचार नाहीं, वेग नाहीं. जेन्किन्ससाहेबांच्या कसोटीनें ट्रॅक्टरवाल्याचा वकील म्हणेल कीं, मृत्यूचें साक्षात् कारण मेलेल्याचाच वेग. मध्यें त्याची स्वतःची हयगय आली. मनूकडे गेलें तर चाक मोडणें हा क्षम्य दहांपैकीं एक प्रसंग. भरपाईच्या दाव्यांत विमा कंपनी म्हणते कीं, ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठीं उतरविला होता, भाड्याच्या वाहतुकीसाठीं नव्हे. शिवाय ट्रॉलीचा विमा उतरविलेलाच नाहीं. ट्रॅक्टरमालक म्हणतो, गाडी मुकादमाच्या करारावर होती. मुकादम म्हणतो, आपण मजूर आणून दिले, गाडीशीं आपला संबंध नाहीं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशीं, आणि त्यांत अपघाताची जबाबदारी वाहतूकदाराची असें छापलेलें. रस्त्याची कड खचलेली होती म्हणून ट्रॉली अर्धी डांबरावर राहिली, असें कोणी म्हटलें तर २०१९ च्या दुरुस्तीनें रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारास व खात्यासही एक लाखापर्यंत दंडाचें १९८ अ कलम आहे. तें लावावयाचें तर आधीं खचलेल्या कडेचा पंचनामा हवा, आणि पंचनामा होतो तो गाड्यांचा.

गळिताच्या आरंभीं कारखान्याच्या फाटकावर ट्रॉल्यांच्या मागें लाल चकाकते पट्टे लावतात, त्याचे फोटो छापून येतात. पौष उजाडेपर्यंत त्या पट्ट्यांवर चिखल व चोयट्या बसतात. तो पट्टा पुसण्याचें काम चालकाचें, मालकाचें, मुकादमाचें, कीं कारखान्याचें, हें त्या करारांत कोठें लिहिलेलें नसतें.